नोंदवहीत नाव कोणाचे?

आजारी माणसाला वैद्याचे ज्ञान तपासून पाहता येत नाही; तो दारावरची पाटी वाचतो आणि विश्वास ठेवतो. हा विश्वास आंधळा राहू नये, यासाठी शासनाने पात्र व्यक्तींची यादी ठेवावी, ही कल्पना ब्रिटनमध्ये १८५८च्या कायद्याने रूढ झाली. भारतात प्रांतिक पातळीवर तिचा आरंभ मुंबई इलाख्याने केला. १९१२च्या मुंबई वैद्यक कायद्याने परिषद आणि नोंदवही अस्तित्वात आली. पुढे बंगाल व मद्रास (१९१४) आणि संयुक्त प्रांत (१९१७) यांनीही तसेच कायदे केले.

परंतु पात्रतेचे माप कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न उरलाच. भारतीय वैद्यकीय पदव्यांना मान्यता देण्याचा अधिकार लंडनच्या जनरल मेडिकल कौन्सिलकडे होता. येथील प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणावरून अनेक वर्षे वाद चालला आणि १९३०मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली. त्यानंतर १९३३चा कायदा झाला व भारतीय वैद्यक परिषद स्थापन झाली. माप स्वदेशी झाले, पण त्याची कक्षा अरुंद राहिली. ते केवळ पदवीधरांपुरते होते. वैद्यकीय शाळांतून शिकलेले परवानाधारक, म्हणजे लायसेंशिएट, त्याच्या बाहेर राहिले. भोर समितीच्या १९४६च्या अहवालानुसार देशातील सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ ३०,००० लायसेंशिएटच होते. बहुसंख्य रुग्ण ज्यांच्या हाती, तेच राष्ट्रीय मापाबाहेर!

याच काळात मुंबईने वेगळी वाट चोखाळली. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळात आरोग्य खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. ते स्वतः पाश्चात्त्य वैद्यकातील नामवंत हृदयरोगतज्ज्ञ. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत १९३८च्या कायद्याने वैद्य व हकीम यांची नोंदणी सुरू झाली. विहित पात्रता नसलेल्या, पण आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी त्यात वेगळी यादीही होती. अनुभवाला जागा मिळाली, मात्र अनुभव आणि पात्रता या दोन गोष्टी एकाच रकान्यात मिसळल्या गेल्या नाहीत.

हा इतिहास आज पुन्हा समोर आला आहे. मी राहतो त्या लखनौच्या तेलीबागेजवळच संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. अशा रुग्णालयांत कर्करोगाच्या किरणोपचारात ठरलेली मात्रा यंत्रातून खरोखर तेवढीच बाहेर पडते का, हे वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ मोजून पाहतो. रुग्णाला बहुधा त्याचे नावही ठाऊक नसते. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद केली आणि किमान शिक्षण तासांत ठरवून दिले : पदविकेपासून सुरू होणाऱ्या संलग्न व्यावसायिकांसाठी २,००० तास, पदवीधर आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी ३,६०० तास.

भौतिकशास्त्रात मापनयंत्र वेळोवेळी प्रमाणाशी ताडून पाहिले नाही, तर त्याच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. नोंदवहीचेही तसेच आहे. तास मोजणे सोपे असते, कौशल्य पारखणे कठीण. वर्षानुवर्षे काम करणाऱ्या तंत्रज्ञांना सरसकट बाहेर ठेवले, तर लायसेंशिएटांची चूक पुन्हा घडेल. त्यांना न पारखता आत घेतले, तर नोंदणीचा हेतूच हरवेल. म्हणून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी नोंदणी क्रमांकाबरोबर आणखी एक गोष्ट मागावी : आपली पारख कोणी, कशी आणि किती वर्षांनी पुन्हा करायची, याचे स्पष्ट उत्तर.