नाणं पडलं, पण आवाज कुठे गेला?

आजच्या भागात थोडा इतिहास आहे आणि थोडी आमच्या घरातली भानगड.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला लागला. आमच्या आप्पांनी तो मुंबईत मिनर्व्हाला पाहिला, एका लग्नाला गेले होते तेव्हा. जयने उडवलेलं नाणं खाली पडतं आणि प्रेक्षक खुर्चीखाली वाकून ते शोधतात, हा किस्सा तुम्हीही ऐकला असेल. आप्पा म्हणतात, “मी पण वाकलो होतो.” पुढे औरंगाबादला, म्हणजे आत्ताच्या छत्रपती संभाजीनगरात, आईला मुद्दाम तेच नाणं ऐकवायला घेऊन गेले. पण इथे काही ते नाणं खुर्चीखाली पडलं नाही.

असं का झालं? ‘शोले’चं चित्रीकरण ३५ मिमीवर होतं, मोठ्या थिएटरांसाठी त्याच्या ७० मिमी प्रती काढल्या. त्या फिल्मवर चुंबकीय पट्टे असत आणि त्यांत सहा वेगवेगळे ध्वनी मावत. ते ऐकायचे तर प्रोजेक्टर, चुंबकीय हेड, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर सगळंच त्या तोलाचं हवं. गावोगावी जायची ती ३५ मिमीची प्रत. तिच्या कडेला प्रकाशाने वाचायची एक रेघ, म्हणजे सगळा आवाज एकत्र, पडद्यामागून. सिनेमा तोच, पण साखळीतली एक कडी कमी पडली की पुढचं सगळं गेलं.

पुढची सगळी खटपट ही साखळी सोपी करण्याची होती. सत्तरच्या दशकात डॉल्बी स्टिरिओने दोन रेघांत चार ध्वनी बसवले. १९९२ च्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’मध्ये डॉल्बी डिजिटल फिल्मच्या भोकांमधल्या जागेत जाऊन बसलं. मग डीव्हीडीने ५.१ घरात आणलं. २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय आलं. एकाच केबलमधून चित्र आणि आठ चॅनलपर्यंतचा आवाज.

आता आमचं घर, सिडको. टीव्हीखाली कॉम्प्युटर, शेजारी रिसीव्हर, खोलीत पाच स्पीकर आणि एक वूफर. हौसेने ५.१ ची ‘शोले’ लावली. आप्पा म्हणाले, “मागून काहीच येत नाही रे.” आम्ही मान डोलावली. वय ७८, कान थकले असतील. डॉक्टरांकडे नेऊन तपासणीसुद्धा केली. वयाच्या मानाने कान ठीक निघाले.

मग मी सेटिंग उघडलं. एचडीएमआयच्या आउटपुटला एकच पर्याय दिसत होता: स्टिरिओ. झालं होतं असं, की कॉम्प्युटरची केबल टीव्हीत होती आणि टीव्हीतून एआरसीने आवाज रिसीव्हरकडे जात होता. केबल जोडली की कॉम्प्युटर समोरच्या यंत्राला विचारतो, “तुला काय काय झेपतं?” त्या उत्तराच्या यादीला ईडीआयडी म्हणतात. आमच्या टीव्हीने स्वतःच्या दोन स्पीकरपुरतं उत्तर दिलं. मागे सहा ऐकवणारा रिसीव्हर बसलाय, हे कॉम्प्युटरला कळलंच नाही.

उपाय साधा निघाला. केबल आधी रिसीव्हरला, तिथून टीव्हीला. लगेच यादीत ५.१ आलं. एकेक स्पीकर तपासला, सगळे बोलले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: कॉम्प्युटर यूपीएसवर आणि रिसीव्हर साध्या प्लगवर असेल, तर लाईट गेली की रिसीव्हर बंद होतो आणि कॉम्प्युटर पुन्हा दोनवर येऊ शकतो. म्हणून आधी टीव्ही आणि रिसीव्हर चालू करा, मग कॉम्प्युटर.

त्या रात्री पुन्हा ‘शोले’ लावला. आप्पा या वेळी वाकले नाहीत, गुडघे दुखतात. नुसती मान वळवली आणि म्हणाले, “हां. आता तुझ्या आईला बोलव.”

इतके दिवस आम्ही त्यांच्या कानांना बोल लावत होतो, याचं मात्र वाईट वाटलं. घरात कुणी “ऐकू येत नाही” म्हणालं, तर मंडळी, आधी केबल बघा. भेटू पुढच्या भागात.