कारखान्याचे दार आणि शाळेचे दार

वडोदऱ्यातील जुन्या मराठी घरांत श्रीमंत सयाजीराव महाराजांचा विषय निघाला, की सक्तीच्या शिक्षणाचा अभिमानाने उल्लेख होतोच. त्या शिक्षणाचा बालमजुरीशी असलेला संबंध मात्र सहसा कोणी सांगत नाही. शासकीय सेवेत उमेदीची वर्षे घालविल्यावर प्रस्तुत लेखकास तो संबंधच अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे.

ब्रिटिश हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामास मज्जाव केला आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाचे नऊ तास ठरवून दिले. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाने गिरणीत नऊ तास उभे राहणे कायदेशीर होते! १८९१ मध्ये किमान वय नऊ झाले, १९२२ मध्ये बारा आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये चौदा. कारखान्याचे दार असे हळूहळू बंद होत गेले. पण दाराबाहेर राहिलेल्या मुलाने जावे कोठे, याचे उत्तर त्या कायद्यांत नव्हते.

ते उत्तर बडोदे संस्थानाने शोधले. १८९३ मध्ये अमरेली येथे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू झाला. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्यासमोर होता. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले.

पुढे घटनेच्या २४ व्या कलमाने चौदा वर्षांखालील मुलांना कारखाने, खाणी व धोक्याच्या कामांत बंदी केली. गुरुपादस्वामी समितीनंतर १९८६ चा स्वतंत्र कायदा आला. त्याने काही कामे निषिद्ध ठरविली व उरलेल्या कामांचे केवळ नियमन केले. १९८८ पासून राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पातून विशेष शाळा निघाल्या. शिवकाशीच्या आगकाड्या-फटाक्यांच्या धंद्यासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मालकाकडून प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये वसूल करण्याचा आदेश दिला.

कायदा आणि अंमलबजावणी यांतील अंतर लेखकाने स्वतः पाहिले आहे. एका तपासणी पथकाबरोबर एका कारखान्यात जाण्याचा प्रसंग आला होता. हजेरीपटावर एकही मूल नव्हते. मागच्या दाराशी मात्र लहान मापाच्या चपला पडल्या होत्या. आम्ही अहवालात हजेरीपटाची नोंद केली, चपलांची केली नाही. त्या अहवालावर माझीही सही आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत बंदी झाली. शाळेनंतर कुटुंबाच्या धंद्यात मदत करण्याची सवलत मात्र राहिली, आणि तिच्या आडोशाने घरोघरची विडी-जरीची कामे तपासनीसाच्या नजरेआड राहू शकतात. २००१ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची सुमारे १ कोटी २६ लक्ष मुले कामावर होती; २०११ मध्ये ती १ कोटी १ लक्ष उरली. घट खरी आहे, पण उरलेला आकडाही लहान नाही.

आपणही थोडे अंतर्मुख व्हावे. वरकामाला, तान्हे मूल सांभाळायला गावाकडून एखादी दहा वर्षांची पोर आणण्याची रीत आपल्याही वाड्यांत होती. तिला दोन वेळचे जेवण मिळते, यातच आपण समाधान मानले. घरकामातील अशा नोकरीवर बंदी आली ती २००६ च्या ऑक्टोबरात. महाराजांचा सक्तीचा कायदा ज्या शहरात १९०६ पासून होता, त्याच शहरातील आपल्या माजघरांत तो पोहोचायला शंभर वर्षे लागली. महाराजांच्या पुण्यतिथीला हार घालताना त्या पोरींपैकी किती जणींना आपण पाटी दिली, हेही आठवून पाहावे.