मदत आली, ती कोणापर्यंत?

मैत्रिणींनो, आपल्या बीड जिल्ह्याला संकट नवं नाही. 1972 च्या दुष्काळात आपल्या आज्या-सासवांनी खडी फोडली, पाझर तलावांवर माती वाहिली. सरकारनं काम काढलं आणि मजुरी हातात पडली. 2020 मध्ये मात्र चार जणींनी एकत्र जमायलाच बंदी होती. ऐन पापड-शेवयांच्या हंगामात आठवडी बाजार बंद पडले. चहाची टपरी, शिलाई मशीन, भाजीची पाटी, सगळं थांबलं.

मदत जाहीर झाली, हे खरं. महिलांच्या जनधन खात्यांत एप्रिल ते जून दरमहा 500 रुपये आले. त्यातून तेल-मीठ आलं, पण धंद्याला भांडवल उरलं नाही.

रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. ती माफी नव्हती, व्याज चालूच होतं. एक लाखाच्या कर्जावर वर्षाला 12 टक्के धरले, तर सहा महिन्यांचे 6,000 रुपये होतात. पुढे सरकारनं व्याजावरचं व्याज सोसलं, मूळ व्याज आपल्यालाच भरायचं होतं.

मे महिन्यात 3 लाख कोटींची कर्जहमी योजना आली. 29 फेब्रुवारीला जेवढं कर्ज बाकी, त्याच्या 20 टक्के नवं कर्ज मिळणार होतं. जिनं बँकेचं कर्ज कधी घेतलंच नाही, तिला शून्याचे 20 टक्के! जूनमध्ये पीएम स्वनिधीतून 10,000 रुपयांचं कर्ज आलं, पण ते शहरातल्या फेरीवाल्यांसाठी. बीड, अंबाजोगाई, परळीत गाडा लावणारी त्यात बसत होती; खेड्यातल्या बाजारात बसणारी नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत राज्य सरकारनं फेरीवाल्यांना 1,500 रुपये जाहीर केले, तेही नोंदणी असलेल्यांनाच.

बचत गटांसाठी विनातारण कर्जाची मर्यादा 10 लाखांवरून 20 लाख झाली. पण गिऱ्हाईकच नाही, तर कर्ज घेऊन करायचं काय? राज्यात अनेक गटांना मास्क शिवायचं काम मिळालं. काम आणि त्याचा मोबदला, ही 1972 चीच रीत होती.

म्हणून आम्ही गटाच्या बैठकीत तीन गोष्टी सांगतो. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून घ्या. रोजची विक्री वहीत लिहा. आणि ग्रामसभेत उभं राहून मागणी करा: आठवडी बाजारात बसणाऱ्या बायांचीही यादी करा. यादीत नाव नसेल, तर पुढची मदतही दारावरून निघून जाईल.