हात इकडे, धोका तिकडे : महाराष्ट्रातील यंत्रहातांचा इतिहास

१/
'रोबॉट' म्हटले की डोळ्यांसमोर धातूचा चकाकता माणूस उभा राहतो. महाराष्ट्रात ही विद्या आली ती मात्र केवळ एका हाताच्या रूपाने. त्या हाताचे काम एकच होते : माणसाचा खरा हात धोक्यापासून दूर ठेवणे. ट्रॉम्बेच्या प्रयोगशाळेपासून देवगाव रंगारीच्या कपाशीपर्यंत पोहोचणारी ही कथा. #थ्रेड

२/
आधी शब्दाचा इतिहास. १९२० मध्ये चेक लेखक कारेल चापेक याने 'आर.यू.आर.' हे नाटक लिहिले. १९२१ मध्ये ते प्राग येथे रंगभूमीवर आले. नाटकातील कृत्रिम कामगारांना काय म्हणावे, हे त्याला सुचेना. त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने 'रोबोटा' या शब्दाकडे बोट दाखवले. रोबोटा म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे श्रम. मराठीत याला नेमका प्रतिशब्द आहे : वेठ.

३/
चापेक लिहीत होता तेव्हा महाराष्ट्रात वेठ हे वर्तमान होते. महार वतनाच्या नावाखाली गावाची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करवून घेतली जात. १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते हेच जोखड उतरवण्यासाठी. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतने रद्द होण्यास १९५९ उजाडले. घाणीचे आणि धोक्याचे काम कोणाच्या हातांनी करायचे, हा प्रश्न यंत्रापेक्षा फार जुना आहे.

४/
आता यंत्राकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या निमित्ताने माणसाच्या हाती असे पदार्थ आले, ज्यांच्या जवळ काही मिनिटे उभे राहणेही प्राणघातक ठरावे. तरी ते कापायचे, विरघळवायचे, मोजायचे होते. शिकागोजवळील आरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गोर्ट्झ या अभियंत्याने १९४० च्या दशकाच्या अखेरीस उपाय शोधला. भिंतीच्या अलीकडे माणसाचा हात, पलीकडे पोलादी हात, आणि दोन्ही एकमेकांना जोडलेले.

५/
हीच गरज लवकरच मुंबईत निर्माण झाली. १९५४ मध्ये ट्रॉम्बे येथे अणुशक्ती आस्थापना सुरू झाली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी 'अप्सरा' ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, १९६० मध्ये 'सायरस'. सायरसमधून बाहेर पडलेल्या इंधनकांड्यांतून प्लुटोनियम वेगळे करणाऱ्या संयंत्राचे उद्घाटन जानेवारी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले. होमी भाभांच्या मृत्यूनंतर, १९६७ मध्ये, या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले.

६/
अशा संस्थेच्या पोटात 'हॉट सेल' असतात. हॉट सेल म्हणजे जड काँक्रीटच्या जाड भिंतींची कोठडी. तिला शिसेमिश्रित काचेची खिडकी. काच इतकी जाड की तिच्यातून पिवळसर प्रकाश झिरपतो. खिडकीबाहेर उभा तंत्रज्ञ दोन मुठी धरतो. त्याच्या मनगटाची प्रत्येक हालचाल पोलादी पट्ट्या, तारा आणि कप्प्यांमधून भिंतीवरून पलीकडे जाते आणि आतला चिमटा तसाच वळतो.

७/
यात संगणक नव्हता, मोटारही नव्हती. तरी एक विलक्षण गुण होता : स्पर्श परत येत असे. आतील चिमट्याने बाटली घट्ट धरली की बाहेरच्या मुठीला तो ताण जाणवे. काच फुटेल की टिकेल, हे तंत्रज्ञाला हातानेच कळे. पुढे भाभा केंद्राने असे यंत्रहात स्वतः विकसित केले आणि त्यासाठी दूरहाताळणी व रोबॉटिक्स यांचा स्वतंत्र विभाग उभारला. इंग्रजीत या जोडीचे रूढ नाव 'मास्टर-स्लेव्ह', म्हणजे मालक आणि गुलाम. चापेकची वेठ नावातून काही सुटली नव्हती.

८/
त्याच सुमारास अमेरिकेत दुसरी वाट फुटली. जॉर्ज डेव्हॉल याच्या कल्पनेतून जन्मलेला 'युनिमेट' हा यंत्रहात १९६१ मध्ये न्यू जर्सी येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम. ट्रॉम्बेचा हात माणसाच्या मुठीशिवाय हलत नसे. युनिमेट मात्र एकदा शिकवलेली हालचाल आपणहून पुन्हापुन्हा करी. पहिली नेमणूक मात्र दोघांनाही भाजणाऱ्या वस्तूंवरच मिळाली.

९/
तिसरी वाट लष्कराची. १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये बॉम्ब निकामी करताना ब्रिटिश सैनिक मरत होते. लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी विजेवर चालणाऱ्या एका ढकलगाडीचा सांगाडा घेतला आणि त्याला दुरून चालवण्याची सोय केली. 'व्हीलबॅरो' या साध्या नावाने तो ओळखला जाऊ लागला. बॉम्बजवळ जाण्याचे काम आता गाडीचे झाले.

१०/
मुंबईला या गरजेची जाणीव १२ मार्च १९९३ रोजी रक्तानेच झाली. साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. पाठोपाठ दादर परिसरात स्फोटकांनी भरलेली, न फुटलेली स्कूटर सापडली. ती निकामी केली बॉम्बशोधक पथकातील माणसांनी, स्वतःच्या हातांनी. ट्रॉम्बेत यंत्रहात रुळून कैक वर्षे झाली होती. त्याच शहरातील पोलिसाचा हात मात्र अजून थेट स्फोटकावर होता.

११/
उत्तर पुण्याजवळ दिघी येथे घडले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची तेथील अभियांत्रिकी प्रयोगशाळा लष्करासाठी पूल आणि अवजड यंत्रणा घडवत असे. तिने 'दक्ष' हे दूरनियंत्रित वाहन विकसित केले. सुमारे ९० टक्के भाग देशी. लष्कराने २० वाहनांची मागणी नोंदवली आणि पहिली ५ वाहने डिसेंबर २०११ मध्ये सुपूर्द झाली.

१२/
दक्ष काम कसे करते? चालक सुमारे ५०० मीटरपर्यंत दूर, पडद्यासमोर बसतो. वाहन जिना चढते, अरुंद बोळात शिरते, क्ष-किरणांनी संशयित पिशवीच्या आत डोकावते. मग तीव्र वेगाचा पाण्याचा झोत सोडते. स्फोटकाची वीजजोडणी पूर्ण होण्याआधीच तो झोत तिचे तुकडे करतो. ज्या स्फोटकापुढे माणूस श्वास रोखून बसत असे, तेथे आता यंत्र जाते. ते गमावले तर यंत्रच गमावले जाते.

१३/
हीच विद्या रुग्णालयातही पोहोचली, आणि तिचा मार्ग पुन्हा ट्रॉम्बेतून गेला. कर्करोगावर कोबाल्ट-६० चे किरण सोडणारी यंत्रे भारत परदेशातून विकत घेत असे. तीव्र किरणोत्सारी वस्तू हात न लावता हलवण्याचा अनुभव भाभा केंद्राच्या दूरहाताळणी विभागाकडे होताच. त्यातून 'भाभाट्रॉन' घडले. पहिले यंत्र २००५ मध्ये खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक या संस्थेत बसवले गेले. पुढे असे एक यंत्र आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेमार्फत व्हिएतनामलाही भेट देण्यात आले.

१४/
भाभाट्रॉनचे मर्म त्याच्या शिस्तीत आहे. कोबाल्टचा लहानसा स्रोत जड कवचात दडलेला असतो. ठरलेल्या क्षणी तो पुढे येतो, ठरलेल्या कोनातून गाठीवर किरण टाकतो आणि परत कवचात जातो. वीज गेली तर बॅटरीवर काम चालते. जिथे वीज केव्हाही जाते, अशा देशाला ओळखून केलेली ही रचना. डॉक्टर आणि तंत्रज्ञ भिंतीपलीकडे सुरक्षित राहतात.

१५/
शस्त्रक्रियेचा यंत्रहातही रणांगणाचाच वारस. जखमी सैनिकावर सर्जनने दुरून उपचार करावेत, या अमेरिकी लष्करी संशोधनातील कल्पनेचा वारसा 'दा विंची' या यंत्रणेकडे आला. २००० मध्ये तिला अमेरिकेत सर्वसाधारण शस्त्रक्रियेची परवानगी मिळाली. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कमधील सर्जनांनी दुसऱ्या एका यंत्रणेद्वारे फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील रुग्णाचे पित्ताशय काढले. मध्ये संपूर्ण अटलांटिक महासागर होता.

१६/
कारखान्याची वाट छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातही आली. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी वाळूज येथे बजाज ऑटोच्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते झाले आणि मराठवाड्याची शेतकरी पोरे दुचाकींच्या जुळणीला लागली. २०१० च्या सुमारास याच कंपनीने कामगारांच्या शेजारी, कुंपणाशिवाय काम करणारे हलके यंत्रहात आणण्यास सुरुवात केली. वाकून, वळून, दिवसभर तोच पेच आवळण्याचा शीण यंत्राकडे गेला.

१७/
आता हा क्रम एका ओळीत पाहावा. आधी शास्त्रज्ञाचा हात मागे आला, मग अभियंत्याचा, सैनिकाचा, सर्जनचा, कारखान्यातील कामगाराचा. ज्या हातावर खर्च झाला होता, ज्याची किंमत कागदावर मांडता येत होती, तो आधी वाचवला गेला. एक हात मात्र या ओळीत दिसत नाही : गटारात उतरणाऱ्याचा.

१८/
मैल्याच्या गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असेल तर कुजक्या अंड्याचा वास येतो. वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते आणि माणूस काही श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही बहुधा तिथेच राहतो. हाताने मैला उपसण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये अधिक कडक झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली. २०२३ मध्ये ती ३० लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागला, याचाच अर्थ मृत्यू थांबले नव्हते.

१९/
२०१८ मध्ये केरळच्या तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' हे यंत्र तिरुवनंतपुरमच्या गटारात उतरवले. ते कोळ्यासारखे पाय रोवते, बादलीने गाळ उपसते आणि वर पडद्यावर चित्र दाखवते. ते चालवायला पूर्वीच्याच सफाई कामगारांना शिकवले गेले. तंत्र म्हणून यात ट्रॉम्बेच्या कोठडीहून अवघड असे काही नव्हते. प्लुटोनियमच्या संयंत्राचे उद्घाटन १९६५ चे. गटाराचे हे यंत्र २०१८ चे. मधली ५३ वर्षे विज्ञान अपुरे पडल्यामुळे गेली नाहीत. या कामाला हात मिळत होते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातींचे होते.

२०/
आता कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीकडे. रंगारी म्हणजे कापड रंगवणारा; गावाच्या नावातच हाताचा व्यवसाय टिकून आहे. कापड रंगवण्याआधी कापूस पिकवावा लागतो, आणि या पट्ट्यात कपाशी आजही हातानेच वाढते. पेरणी, खुरपणी, वेचणी आणि फवारणी. यातली शेवटची गोष्ट विषाची. पाठीवर पंप, हातात नळी, तोंडाला फार तर उपरणे, आणि वारा फिरला की सगळा फवारा अंगावर.

२१/
हे विष किती जवळ असते, हे २०१७ मध्ये यवतमाळने दाखवले. कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. फवारणारा झाडांच्या भिंतीत उभा राहून डोक्याच्या उंचीवर औषध मारत होता. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. ट्रॉम्बेत भिंत माणसाचे रक्षण करत होती. येथे भिंत झाडांची होती आणि माणूस तिच्या आत होता.

२२/
डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ड्रोनने कीटकनाशक फवारण्याची कार्यपद्धती जाहीर केली. २०२३ मध्ये महिला बचत गटांना १५,००० ड्रोन देण्याची 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर झाली. चालक बांधावर उभा, विष हवेत, मध्ये अंतर. ट्रॉम्बेचीच मूळ कल्पना, भिंत आणि तारा वगळून.

२३/
पण अंतराची किंमत कोणीतरी मोजतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत जॉन आणि मॅक रस्ट या भावांनी कापूस वेचणारे यंत्र साधले; १९४० नंतर अशी यंत्रे कारखान्यांतून निघू लागली. वेचणीच्या श्रमातून दक्षिणेतील कृष्णवर्णीय कुटुंबे सुटली, आणि त्याच वेळी रोजगारालाही मुकली. मराठवाड्यात वेचणी बहुतांशी बायका करतात. ठेंगणी, दाट लावता येणारी, एकाच वेळी बोंडे फुटणारी कपाशी हे यंत्राने वेचणीचे पहिले पाऊल. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत त्यावर काम चालते. ते यंत्र आले तर वेचणाऱ्या बाईच्या हातात मजुरीऐवजी काय येईल, याचे उत्तर यंत्राच्या नकाशात नसते.

२४/
तिरुवनंतपुरममध्ये एक उत्तर सापडले होते : जो गटारात उतरत होता, त्यालाच यंत्राची कळ दिली. बचत गटाच्या बाईच्या हातात ड्रोन देण्यामागेही तोच विचार दिसतो. चापेकने वेठीवरून यंत्राला नाव दिले. शंभर वर्षांनी देवगाव रंगारीच्या बांधावर प्रश्न उरतो तो एवढाच : यंत्र आल्यावर वेठ संपते, की वेठ करणाराच शेतातून बाहेर पडतो? आपल्या गावात फवारणीचा पंप अजून कोणाच्या पाठीवर आहे, हे या आठवड्यात एकदा पाहून यावे. या इतिहासाचे पुढचे पान तिथेच लिहिले जात आहे.