शब्दवेध : ‘वाइडस्प्रेड’

‘वाइड’ म्हणजे विस्तृत आणि ‘स्प्रेड’ म्हणजे पसरलेले. या दोन शब्दांच्या संयोगातून ‘वाइडस्प्रेड’ हे विशेषण सिद्ध झाले आहे. इंग्रजीत ते सलग, मध्ये जोडरेघ न देता लिहितात. सर्वदूर, व्यापक, ठिकठिकाणी आढळणारे हे त्याचे मराठी अर्थ होत. स्थळांप्रमाणेच माणसांच्या संदर्भातही ते योजले जाते. ‘वाइडस्प्रेड सपोर्ट’ म्हणजे समाजाच्या अनेक थरांतून लाभलेला पाठिंबा.

समानार्थी शब्दांच्या छटा मात्र भिन्न आहेत. एकाच इमारतीची मोठी पडझड झाली, तर ती हानी ‘एक्स्टेन्सिव्ह’ ठरते. ‘वाइडस्प्रेड’ म्हणण्यासाठी ती अनेक ठिकाणी व्हावी लागते. ‘प्रिव्हलंट’ हा शब्द विशिष्ट प्रदेशात वा काळात आढळणारे रोग, रूढी, समजुती यांना लावतात. ‘रॅम्पंट’ म्हणजे बेसुमार बोकाळलेले; तो बहुधा भ्रष्टाचारासारख्या अनिष्ट गोष्टींसाठीच वापरतात. दूरदूर विखुरलेल्या वस्त्यांसाठी ‘फार-फ्लंग’, तर दूरगामी परिणामांसाठी ‘फार-रीचिंग’ हा शब्द योग्य.

‘वाइडस्प्रेड’ व्याप्ती सांगतो, तीव्रता नव्हे. हवामानाच्या अंदाजात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. ‘वाइडस्प्रेड रेन’चा अर्थ ‘जोरदार पाऊस’ असा करणे चुकीचे आहे. भारतीय हवामान विभागाच्या परिभाषेत, एखाद्या क्षेत्रातील ७६ ते १०० टक्के केंद्रांवर किमान २.५ मिलिमीटर पाऊस झाला, की तो ‘वाइडस्प्रेड’. ५१ ते ७५ टक्के केंद्रांवर झाल्यास ‘फेअरली वाइडस्प्रेड’, २६ ते ५० टक्क्यांना ‘स्कॅटर्ड’ आणि २५ टक्क्यांपर्यंत ‘आयसोलेटेड’, म्हणजे तुरळक ठिकाणी. पावसाचा जोर सांगणारे शब्द वेगळे आहेत. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झाला, तरच त्यास ‘हेवी’ म्हणतात.

म्हणूनच ‘आयसोलेटेड’ हा शब्द वाचून निर्धास्त होणेही धोक्याचे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत २४ तासांत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटरची. व्याप्तीच्या मोजणीत मात्र ही दोन्ही केंद्रे सारखीच धरली जातात. तेव्हा अंदाज वाचताना पाऊस किती ठिकाणी आणि किती जोराचा, हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत. ‘वाइडस्प्रेड’ त्यांपैकी पहिल्याचेच उत्तर देतो.