धर्मादायाची ओळ

जुन्या व्यापारी पेढीच्या चोपड्या ज्यांनी चाळल्या असतील, त्यांना ‘धर्मादाय’ नावाचे खाते ठाऊक असेल. गिऱ्हाइकाच्या बिलात किमतीखेरीज थोडी रक्कम धर्मादाय म्हणून चढवावयाची आणि ती नफ्यात न धरता त्या खात्यावर जमा करावयाची, अशी ही रीत. गल्ला बहुधा एकच असे. रुपया रुपयात मिसळून जाई; वेगळी राही ती फक्त चोपडीतील ओळ. परंतु त्या ओळीला वजन होते. हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निर्णय दिला की, धर्मादाय म्हणूनच घेतलेली ही रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे. धर्मकार्याचे बंधन घेऊनच ती त्याच्या हाती येते.

आता बिटकॉइनकडे वळू. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढील जानेवारीत हे चलन सुरू झाले. त्याच्या थैलीला ‘वॉलेट’ म्हणतात, पण हे नाव फसवे आहे. थैलीत नाणी नसतात, किल्ल्या असतात. नाण्यांचा हिशेब हजारो संगणकांवरील एका सार्वजनिक चोपडीत राहतो. आलेली प्रत्येक रक्कम हा एक अखंड तुकडा. तो खर्चावयाचा तर पुरताच खर्चावा लागतो, आणि उरलेली मोड नवा तुकडा होऊन परत येते.

समजा, एखाद्याच्या थैलीत स्वतःचे ०.५ बिटकॉइन आहेत आणि पूरग्रस्तांसाठी लोकांनी दिलेले ०.३. त्याने घरखर्चाचे ०.६ चुकते केले. दोन्ही तुकडे एकदम गेले, आणि किरकोळ शुल्क सोडल्यास ०.२ ची मोड आली. ही मोड कोणाची? गल्ल्यातील रुपयाला ओळख नव्हती, ओळीला होती. येथे प्रत्येक तुकड्याला ओळख आहे, पण तो कोणाचा हे सांगणारी ओळच नाही!

इंग्लंडातील न्यायालयापुढे असा पेच १८८० सालीच आला होता. हॅलेट नावाच्या सॉलिसिटरने विश्वस्त म्हणून हाती असलेला पैसा स्वतःच्या बँकखात्यात मिसळला आणि तो वारला. न्यायमूर्ती जेसेल यांनी ठरविले की, अशा माणसाने आधी स्वतःचाच पैसा खर्चिला असे धरावे. या न्यायाने आपली ०.२ ची मोड पूरग्रस्तांची ठरते, आणि वर ०.१ चे देणे त्या गृहस्थावर राहते. नियम उत्तम खरा. पण तो लागू व्हावयास न्यायालय लागते, आणि दूरदेशीच्या दात्याने कोणते न्यायालय गाठावे?

तंत्रज्ञांनी यावर जो उपाय काढला तो मला आपल्या चोपडीची आठवण करून देतो. मारेक पालातिनुस आणि पावोल रुस्नाक यांनी २०१४ साली थैलीची एक मांडणी सुचविली. तीत एकाच मूळ बीजापासून अनेक खाती निघतात आणि एका खात्याची नाणी दुसऱ्यात मिसळत नाहीत. अशा खात्यांची उदाहरणे देताना त्यांनी देणग्यांचे खाते नाव घेऊन सांगितले आहे. धर्मादायाची ओळ परत आली ती अशी.

तथापि सगळ्या खात्यांचे बीज एकाच माणसापाशी असते. तो गेला आणि बीजही हरवले, तर पूरग्रस्तांचा पैसा चोपडीत सर्वांना दिसत राहील, हाती मात्र कोणाच्याच लागणार नाही. तिघांपैकी दोघांच्या किल्ल्या लागल्याखेरीज न उघडणारे कुलूप २०१२ पासून सोयीचे झाले होते. पंचांसमक्ष दानपेटी उघडणाऱ्या आपल्या गावांना त्यात नवल वाटू नये.

कुलुपे होती, तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही नाण्यांची मोठी पेढी बुडाली. गिऱ्हाइकांच्या ठेवी चालकांच्याच दुसऱ्या व्यवसायात मिसळल्या होत्या. तिच्या दाननिधीच्या कार्यकर्त्यांनी राजीनामे दिले. कबूल केलेली बरीच अनुदाने बहुधा देता येणार नाहीत, असे त्यांनी कळविले. डिसेंबरात दिवाळखोरीचे काम पाहणाऱ्यांनी, या पेढीकडून वा तिच्या चालकांकडून ज्यांना पैसे मिळाले त्यांच्याकडे ते परत मागितले. घेतलेल्याने तितकी रक्कम पुढे एखाद्या धर्मादाय संस्थेला दिली असली, तरी वसुली टळणार नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.