मुनियापासून सेलपर्यंत : एका अदृश्य वायूची पारख

हिवाळा आला की उत्तर भारतातून एक बातमी हटकून येते. थंडीसाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब सकाळी उठलेच नाही. कारण प्रत्येक वेळी तेच असते : कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरून ठेवते. श्वास चालू असतो, म्हणून गुदमरल्याची जाणीवही होत नाही. डोके जड होते, पाय लटपटतात, गुंगी येते आणि उठण्याचे बळ नेमके हवे त्याच वेळी सरते.

इंद्रियांना न कळणारा हा वायू ओळखण्यासाठी हातात घेऊन फिरता येईल असे साधन माणसाने प्रथम कोळशाच्या खाणीत योजले. ते साधन म्हणजे पिंजऱ्यातला पक्षी.

१८९६ साली ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी खाणींतील स्फोटांमध्ये होणाऱ्या मृत्यूंविषयी आपला अहवाल दिला. बहुतेक कामगार स्फोटाच्या धक्क्याने मरत नसून नंतर पसरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने मरतात, हा त्याचा निष्कर्ष होता. हा वायू त्यांनी आधी स्वतःच हुंगून पाहिला होता आणि रक्तात तो किती भिनला की शरीराचे काय होते, याची नोंद ठेवली होती. लहान उष्णरक्ती प्राण्यांचा श्वासोच्छ्वास आणि चयापचय माणसापेक्षा कितीतरी वेगवान असतो. म्हणून उंदीर किंवा छोटा पक्षी माणसाच्या आधी कोसळेल, असे त्यांनी सुचवले. त्यांचे चिरंजीव जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी वडिलांबरोबर खाणींत उतरत असत. तेच पुढे १९५७ साली कोलकात्यात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

मात्र कोणता प्राणी अधिक भरवशाचा, हे तर्काने ठरणारे नव्हते. अमेरिकेच्या खाण ब्युरोत जॉर्ज बरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१४ च्या सुमारास रीतसर तुलना केली. उंदीर, कबुतर, कोंबडी, ससा, गिनीपिग, कुत्रा आणि कॅनरी यांना मोजून मिसळलेल्या वायूत ठेवून कोण किती वेळात कोलमडतो, हे पाहिले गेले. कॅनरी सर्वांत संवेदनशील ठरली. हवेत ०.१५ टक्के मोनॉक्साइड असेल तर सुमारे तीन मिनिटांत ती अस्वस्थ होई. प्रमाण याच्या दुप्पट असेल तर दोन-तीन मिनिटांतच दांडीवरून खाली पडे. पण प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली गेले की तिचे भाकीत संदिग्ध होई.

ही मर्यादा नीट समजून घ्यावी लागेल. ०.१५ टक्के म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दीड हजार भाग, म्हणजेच १५०० पीपीएम. आज भारतीय खाणींत कामाच्या ठिकाणी ५० पीपीएम ही मर्यादा मानली जाते. अर्थात पक्षी इशारा देई तो या मर्यादेच्या तीसपट पातळीला. स्फोटानंतर आत शिरणाऱ्या बचाव पथकाला तेवढा इशारा पुरे होता; आग लागण्यापूर्वी तिची चाहूल घेण्यास तो निरुपयोगी होता.

भारताला गरज होती ती नेमकी चाहुलीची. झरियाच्या कोळसाक्षेत्रात भौंरा येथे १९१६ साली पहिली आग नोंदवली गेली आणि त्या पट्ट्यातील आगी आजही पुरत्या विझलेल्या नाहीत. कोळसा हवेतील प्राणवायू शोषून स्वतःच तापतो. त्या तापण्याची पहिली खूण म्हणजे हवेत वाढणारा मोनॉक्साइड, तोही काही पीपीएम इतकाच. आपल्या खाणींत बचावकार्यासाठी कॅनरीच्या जोडीला इथलीच मुनियाही वापरात आली, पण पीपीएमची भाषा तिलाही अवगत नव्हती. हॉल्डेन यांचे सहकारी आयव्हन ग्रॅहॅम यांनी एक युक्ती काढली होती : मोनॉक्साइडचे प्रमाण एकटे न पाहता, हवेतून खर्च झालेल्या प्राणवायूशी त्याचे गुणोत्तर पाहायचे. ताज्या हवेने नमुना पातळ झाला तरी हे गुणोत्तर टिकते. ते एक टक्क्याच्या घरात गेले की कोळसा तापतो आहे असे समजावे, तीनच्या वर गेले की आग आहे असे धरावे. मात्र त्यासाठी नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यावा लागे आणि उत्तर येईपर्यंत वेळ जाई.

ही फट काचेच्या नळीने काही अंशी भरली. नळीत पॅलॅडियमच्या क्षाराने माखलेले कण असत. दोन्ही टोके मोडायची, रबरी फुग्याने हवा ओढायची. मोनॉक्साइड असेल तर सोनेरी पिवळा रंग तपकिरी होई. साधन स्वस्त होते, खिशात मावणारे होते. पण रंगाची छटा टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात, दमलेल्या डोळ्यांनी ठरवायची होती. अशा नळ्यांच्या वाचनात पंचवीस टक्क्यांची चूक सहज धरली जाते. शिवाय नळी सांगते ते त्या एका क्षणापुरते.

एका क्षणाचे उत्तर का पुरत नाही, हे २५ जानेवारी १९९४ च्या न्यू केंदा दुर्घटनेने सुन्नपणे दाखवून दिले. राणीगंज कोळसाक्षेत्रातील त्या खाणीत आग लागली आणि तिच्या वायूंनी गुदमरून ५५ कामगार गेले. भूमिगत आगीत मरण ज्वालेपाशीच थांबत नाही. हवेच्या प्रवाहाबरोबर ते दूरवरच्या माणसापर्यंत पोहोचते. म्हणून सतत जागे राहणारे साधन हवे.

ते विद्युत-रासायनिक सेलच्या रूपाने आले. या सेलमध्ये मोनॉक्साइडचे एका इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण होते आणि त्याच्या प्रमाणात सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. एक-दोन पीपीएमचा फरकही आकड्यात दिसतो. १९८६ साली ब्रिटनने खाणींतील कॅनरींना निवृत्त करण्याचे ठरवले, ते अशा उपकरणांच्या बळावर. भारतात असे उपकरण खाणीत नेण्यापूर्वी धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाची मान्यता लागते. १९५६ साली धनबादलाच स्थापन झालेले खाण संशोधन केंद्र (आजची केंद्रीय खनन एवं ईंधन अनुसंधान संस्था) उपकरणाच्या ठिणगीने मिथेन पेटणार नाही ना, याची चाचणी करते.

परंतु पडद्यावरचा आकडा नेमका आहे म्हणून तो खरा आहे, असे नव्हे. दोन उपकरणांची तुलना करायची तर दोन्ही स्वच्छ हवेत शून्यावर आणावीत आणि ज्ञात प्रमाणाचा वायू सिलिंडरमधून एकाच वेळी द्यावा. मग चार गोष्टी पाहाव्यात : आकडा किती बरोबर आहे, नव्वद टक्क्यांपर्यंत तो किती सेकंदांत चढतो, वायू बंद केल्यावर शून्यावर परततो का, आणि थंडी-उष्म्यात टिकतो का. यापुढची परीक्षा हायड्रोजनची. अनेक सेल हायड्रोजनलाही मोनॉक्साइड समजून आकडा दाखवतात. तीव्र तापलेला कोळसा हायड्रोजन सोडतो. खाणीतील बॅटऱ्या भारित करण्याच्या जागीही तो असतो. म्हणजे एका ठिकाणी आगीचा आकडा फुगतो, तर दुसऱ्या ठिकाणी आग नसताना घंटा वाजते. हायड्रोजनची भरपाई करणारा सेल आणि साधा सेल यांतला फरक किमतीत दिसतो. त्याचे मोल मात्र अशा जागीच कळते.

आणखी एक भेद आहे, तो सर्वांत गंभीर. पक्षी निकामी झाला की तो कोसळे, म्हणजे त्याचे निकामी होणे हाच इशारा असे. सेल मात्र काही वर्षांत जीर्ण होतो, आतील द्रव सुकतो, आणि मग पडद्यावर शांतपणे शून्य दिसत राहते. स्वच्छ हवेचे शून्य आणि मेलेल्या सेलचे शून्य दिसायला सारखेच. म्हणूनच कामावर जाण्यापूर्वी उपकरणाला ज्ञात वायूचा झोत देऊन घंटा वाजते का हे पाहण्याची शिस्त जगभर सांगितली जाते. तिला बंप टेस्ट म्हणतात.

हा धडा घरापर्यंत येतो. घरगुती गजर खाणीतल्या उपकरणासारखा वागत नाही. युरोपीय मानकानुसार तो ५० पीपीएमला तासाभरानंतर आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजायला हवा. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण सहसा घंटा आणि विद्युतमंडल तपासते, सेल नव्हे. म्हणून पाठीमागे छापलेली मुदत संपली की गजर बदलावा. आणि शेगडी किंवा गॅस गीझर पेटवताना खिडकी उघडी ठेवावी, कारण खेळती हवा कधी जीर्ण होत नाही.